मागचं बघून घ्या

दुसऱ्याचे केस कापून पोट भरणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. स्वतःचे केस काही त्याला कापता येत नाहीत. दाढी जमते, मिशी जमते, पण डोक्याची मागची बाजू? तिथं कुणाच्या तरी हातात मान द्यावीच लागते. बाजाराच्या तोंडाशी असलेल्या त्या दोन खुर्च्यांच्या सलूनात हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण तिथं दोघं सख्खे भाऊ काम करत. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढायचं, आधी धाकट्यानं थोरल्याच्या खुर्चीत बसायचं, मग थोरल्यानं धाकट्याच्या. वडील गेल्यापासून हे असंच चाललं होतं.

गिऱ्हाइकाचं काम झालं की हातातला छोटा आरसा त्याच्या डोक्यामागं धरायचा आणि ‘मागचं बघून घ्या’ म्हणायचं, ही दुकानाची रीत. गिऱ्हाईक भिंतीवरच्या लांबलचक आरशात आपली पाठमोरी मान बघतं, ‘ठीक आहे’ म्हणतं आणि उठतं. भावाभावांनी मात्र एकमेकांना कधी आरसा धरला नाही. सुरुवातीला थोरल्यानं एकदा धरायला घेतला होता, तर धाकटा म्हणाला, "ठेव रे तो! तू केलंस ना? मग मी काय बघायचं?"

थोरल्याला ते बरंच वाटलं होतं, आणि त्याला कारण होतं. धाकटा जेमतेम चालायला लागला होता तेव्हा दुकानातली उकळत्या पाण्याची किटली त्यानं स्वतःवर ओढून घेतली होती. मानेच्या वर, उजव्या कानामागं, रुपयाएवढ्या जागी केस पुन्हा उगवलेच नाहीत. शाळेत पोरांनी चिडवून चिडवून त्याला इतकं रडवलं, की वडिलांनी वरचे केस वाढवून त्यावर पाडायला सुरुवात केली आणि एक दिवस त्याला सांगून टाकलं, "गेला बघ तुझा चट्टा. आले केस." पोरानं विश्वास ठेवला. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी थोरल्याला बाजूला घेऊन ती जागा दाखवली आणि बजावलं, "याच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नकोस." थोरल्यानं तो शब्द पाळला. पाठचा भाऊ आरशासमोर बसून मालकासारखा भांग पाडायचा आणि थोरला मनातल्या मनात हसायचा.

मग निवडणूक आली.

तशी ती दर खेपेला यायची. पण या खेपेला लोकांच्या अंगातच आलं होतं. छत्रीवाले आणि किल्लीवाले, असे गावाचे दोन तुकडे पडले. एका नळावर पाणी भरणाऱ्या बाया एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहायला लागल्या. थोरला पहिल्यापासून छत्रीचा, म्हणजे खरं तर छत्रीच्या पुढाऱ्याचा, साहेबांचा. साहेबांनी कधीकाळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘काय म्हणतंय दुकान?’ असं विचारलं होतं. तो खांदा त्यानं अजून जपून ठेवला होता म्हणा ना! धाकटा किल्लीचा. त्यांचा उमेदवार म्हणजे शाळेतले निवृत्त मास्तर. साहेबांचं नाव काढलं की धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गिऱ्हाइकांनीही खुर्च्या वाटून घेतल्या. छत्रीवाले थोरल्याच्या खुर्चीत, किल्लीवाले धाकट्याच्या. एखादी खुर्ची रिकामी असली तरी माणूस बाकावर ताटकळत बसायचा, पण तिथं बसायचा नाही. दोन्ही डोक्यांवर कात्र्या चालायच्या आणि दोन्ही तोंडं एकमेकांचा उद्धार करायची. कापता कापता भाऊही त्यात पडायला लागले.

"तुझा साहेब उद्या आमच्या दारात येईल बघ," धाकटा एकदा म्हणाला. "वारा बघून पाठ फिरवणारा माणूस आहे तो."

"साहेबांनी पक्ष बदलला तर ही मिशी उतरवीन!" थोरला भर दुकानात ओरडला. सगळं दुकान हसलं. त्या आठवड्यात शटर अर्धं खाली आलंच नाही. दोघं आपापल्या वाटेनं घरी गेले, आणि पुढच्या आठवड्यातही तेच.

आणि साहेबांनी पक्ष बदलला की हो! सकाळी छत्रीखाली होते, संध्याकाळी किल्ली गळ्यात. वर उमेदवारीही त्यांनाच. मास्तरांना कुणी विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी थोरला दुकानात आला तर त्याच्या आरशापुढं धार लावलेला वस्तरा नीट पुसून ठेवलेला. धाकटा पाठ करून टॉवेल झटकत होता. थोरल्यानं निमूटपणे वस्तरा उचलून खणात टाकला. मिशी तशीच राहिली.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. साहेब गेले तिकडं थोरला गेला. "साहेबांनी काही विचार केला असेल," असं म्हणत त्यानं छातीवर किल्लीचा बिल्ला लावला. मास्तर चिडून छत्रीत गेले, त्यांच्यामागं धाकटा गेला. म्हणजे बघा, दोघांनी घरं बदलली आणि भांडण तसंच ठेवलं. काल थोरला किल्लीवाल्यांना ज्या शिव्या द्यायचा, त्या आता धाकटा द्यायचा, शब्दसुद्धा तेच. गिऱ्हाइकांची तर अशी त्रेधा उडाली की विचारू नका. लोक दारात येऊन दोन्ही खुर्च्यांकडं बघत उभे राहायचे. एकजण तर अर्धी दाढी झाल्यावर फेसासकट उठला आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला.

त्या दिवशी दोघं इतके भांडले, की मधे फळी घालायचं ठरलं. दोन दारं, दोन दुकानं. वडिलांनी लावलेला लांब आरसा मधोमध कापायचा. काचवाल्याला सांगावा गेला.

थोरल्याची बायको हे ऐकून कपाळाला हात लावून बसली. "फळी घाला, भिंत बांधा, मला काय करायचंय! पण डबा मी एकच भरणार. फळीवरून वाढून घ्या दोघं. आणि आधी आरशात डोकी बघा आपापली. लोकांचे केस कापणारे म्हणे! अस्वलं बरी."

खरंच होतं ते. दोघांच्याही मानेवर केस रुळायला लागले होते आणि बाजार त्यावर हसत होता. थोरला वाट बघत होता, की धाकटा आज बसेल, उद्या बसेल. हाक मारायला त्याची जीभ मात्र रेटत नव्हती. तो मोठा होता ना.

मग छत्रीवाल्यांची मिरवणूक निघाली. थोरला दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा राहिला. सगळ्यात पुढं झेंडा घेऊन धाकटा. नवा सदरा, आणि केस कापलेले. बारीक, चापूनचोपून, मानेवर मशीन फिरवलेलं. चौकात नव्या निघालेल्या काचेच्या दाराच्या सलूनाचा हात थोरल्यानं लांबूनच ओळखला. धाकटा समोरून पुढं गेला, पाठमोरा झाला, आणि उजव्या कानामागचा तो चट्टा उन्हात सगळ्या गावासमोर उघडा पडला. मिरवणुकीतली माणसं त्याच्या मागं चालत होती, म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तोच होता.

थोरल्याला आधी राग आला. माझ्या हाताला सोडून हा दुसऱ्याच्या हातात मान देऊन आला! पक्ष बदलला ते त्यानं पचवलं असतं, हे त्याला पचेना.

त्याच रागात तो किल्लीवाल्यांच्या कचेरीत गेला. तिथं चहा चालला होता. कुणीतरी डोळा मारून विचारलं, "काय हो, तुमच्या भावाच्या डोक्याला काय झालं? उंदरानं कुरतडलं की काय?"

खो खो हसणं झालं. इथं उठून यायचं होतं, किंवा निदान गप्प बसायचं होतं. पण थोरला बोलून गेला. "लहानपणी भाजलाय. इतकी वर्षं मी झाकला म्हणून मिरवत होता. त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. आता फिरू दे तसाच!"

बोलताना बरं वाटलं त्याला. खोटं कशाला सांगू? कपातला चहा संपेपर्यंत बरं वाटलं. मग वडिलांचा थरथरता हात आठवला आणि त्यानं कप खाली ठेवला. "अरे, हे बाहेर बोलू नका बरं का," तो म्हणाला. "छे छे!" सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून किल्लीवाल्यांची गाडी फिरली. कर्ण्यातून साहेबांचं नाव झालं, मग घोषणा आली:

"मागे चट्टा, वरती छत्री! झाकत फिरतो दिवसारात्री!"

पोरांना तर आयतीच मिळाली. गल्लीगल्लीतून टाळ्या वाजवत म्हणायला लागली. थोरला दुकानात होता, धाकटा अजून आला नव्हता. बाकावर काचवाला आपली पट्टी आणि काच कापायची हिरकणी घेऊन बसला होता. जुना आरसा आहे, कापताना तडकला तर मला बोलायचं नाही, असं तो दोनदा सांगून झाला होता. थोरल्याला काही ऐकू येत नव्हतं. गाडी दुकानावरून जाताना त्याला वाटलं, आपल्या कानात शिसं ओतलं तरी चालेल.

धाकटा आत आला. कुणाकडं न बघता त्यानं खुंटीवरचा छोटा आरसा घेतला, भिंतीवरच्या आरशाकडं पाठ केली आणि समोर धरून बघायला लागला. आरसा डावीकडं केला, उजवीकडं केला. मग सापडलं त्याला. बोटानं चाचपून बघितलं.

"बाबा म्हणाले होते केस आले," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा आला.

मग आरसा खाली ठेवून तो थोरल्याकडं वळला.

"इतकी वर्षं तू झाकलास?"

"हो."

"आणि काल तूच सांगितलंस?"

काचवाला खाली फरशीकडं बघत राहिला.

"हो," थोरला म्हणाला. "चुकलो रे. तोंडातून निघून गेलं. तू त्या चौकातल्याकडं गेलास, माझं डोकं फिरलं…"

"तू हाक मारायची होतीस," धाकटा म्हणाला. "मी काय लांब होतो? त्या खुर्चीपासून या खुर्चीपर्यंत."

मग तो थोरल्याच्या खुर्चीत येऊन बसला. कापड स्वतःच गळ्याभोवती बांधलं. "सगळे काढ," तो म्हणाला. "वस्तऱ्यानं. एक केस ठेवू नकोस."

"अरे, वाढतील महिनाभरात, मी परत नीट…"

"काढ म्हणतो ना."

थोरल्यानं काढले. पाण्यानं डोकं भिजवलं, फेस लावला, वस्तरा धरला. चट्ट्याच्या कडेनं त्याचा हात इतका हळू गेला की धाकट्याला ते कळलंही नसेल. डोकं स्वच्छ झालं. चट्ट्याला आता लपायला कुठं जागाच नव्हती.

धाकटा उठला, कापड झटकलं आणि खुर्चीकडं बोट दाखवलं. "बस."

"मी?"

"बस. जंगल माजलंय डोक्यावर. उद्या साहेबांच्या सभेला असाच जाणार का?"

थोरला बसला. मान खाली घातली. धाकट्याची बोटं केसांतून फिरली आणि थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवरेचना. कात्री मात्र तीच, लय तीच, कानामागं बोटानं कान दुमडायची सवयही तीच. थोरल्याला वाटलं, मिटलं. रागावलाय, पण मिटलं. आपलं माणूस आहे, कुठं जाईल?

"हलू नकोस," धाकटा म्हणाला. मिशीला त्यानं हात लावला नाही. मानेवर वस्तरा फिरवला, ब्रशनं केस झटकले, पावडर लावली. काम संपलं.

थोरला डोळे पुसून उठायला लागला, तेवढ्यात खांद्यावर हात पडला आणि त्याला परत खाली बसवलं गेलं. धाकट्यानं तो छोटा आरसा उचलला आणि त्याच्या डोक्यामागं धरला.

"मागचं बघून घ्या," तो म्हणाला.

थोरल्यानं समोर बघितलं. मान अगदी नीट झाली होती. रेघ सरळ, केसभरही इकडंतिकडं नाही. आरसा स्थिर होता. धाकटा गिऱ्हाइकासाठी थांबतात तसा थांबला होता, त्याच्याकडं न बघता.

"ठीक आहे," थोरला म्हणाला.

धाकट्यानं आरसा खुंटीला लावला आणि काचवाल्याकडं वळला. "या," तो म्हणाला. "घ्या माप."