सोनकुंडीच्या खाणीतली भिंत

"मावशी, पदरावरनंच घाला, चालतंय," असं म्हणत वाटाड्या परशरामने पिवळं हेल्मेट मंगलच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखाली पट्टा ओढून दिला.

मंगलला हसू आलं. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यातली पन्नासेक वर्षं निपाणीत विड्या वळण्यात गेली होती. नुसतं काहीतरी बघायला म्हणून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

"भावजी, कशी दिसतीया मी?"

तिच्या दिराने, देवाप्पाने, नुसती मान हलवली.

दुपारचे बारा वाजले होते, पण उन्हाचा कवडसाही जमिनीवर पडत नव्हता. झाडं एकमेकांत इतकी गुंतली होती की आभाळ दिसायचं ते तुकड्या-तुकड्यांनी. बुंध्यांवर ओलं शेवाळ होतं आणि कुजलेल्या पाल्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. देवाप्पाला काहीच ओळखू येईना. तो इथं कामाला होता तेव्हा खाणीत टेकू लावण्यासाठी झाडं तोडून हा सगळा उतार बोडका केला होता. आता जंगलाने तो परत घेतला होता. उरली होती ती फक्त खाणीच्या तोंडाची दगडी कमान.

वनखात्याने गेल्या वर्षी ही सोन्याची जुनी खाण लोकांना बघायला खुली केली. देवाप्पाची मुलगी सुविधा बेळगावात प्राध्यापक होती. तिने फोनवर फोटो दाखवला, तेव्हा म्हातारा त्या कमानीकडे इतका वेळ बघत बसला की तिनेच विचारलं, "आप्पा, जायचं का बघायला?"

"जाऊ. पर वहिनीलाबी घिऊ संगट."

सुविधाला यात वावगं वाटलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तिलाही ठाऊक होती. शहात्तर साली आप्पा आणि त्याचा थोरला भाऊ भावकू इथं मजुरीला आले. एके दिवशी भावकू कुणाला न सांगता गोव्याला पळाला तो परत आलाच नाही. आप्पाने त्याला ट्रकात चढताना डोळ्यांनी पाहिलं होतं. मंगलकाकीच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. ती माहेरी गेली नाही, दुसरं लग्नही केलं नाही. देवाप्पा पुढे निपाणीच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागला. एकतीस वर्षं त्याने शाळेची घंटा वाजवली, आणि वहिनीच्या घरात कधी काही कमी पडू दिलं नाही. तिच्या हातातला हिरवा चुडा मात्र अजून तसाच होता.

आत गार होतं. परशराम पुढे बॅटरी धरून चालत होता. "इंग्रजांनी काढली ही. मागनं सरकारनं ठेकेदार लावून परत खोदून बघितलं, पर सोनं काय हाती लागलं न्हाय. येवढी जुनी खाण, पर एकबी माणूस दगावला न्हाय हितं. तसं रेकॉर्डच हाय."

साठ-सत्तर पावलांवर लोखंडी जाळी होती. तिच्या अलीकडे डाव्या हाताला एक बोळ दगडचुन्याने बुजवलेला होता.

"ही भिंत इंग्रजांच्या वक्ताची," परशराम म्हणाला.

देवाप्पा थांबला. "सुविधा, तू आन् ह्यो पावणा जरा भायेर थांबा. आमी येतो."

दोघं गेली. जाताना परशरामने बॅटरी मंगलच्या हातात दिली.

"वहिनी," तो म्हणाला, "अण्णा गोव्याला गेला न्हाय."

तिने बॅटरी त्याच्या तोंडाकडे वळवली.

"ह्या भिंतीमागं हाय त्यो. वरचं छत बसलं. दोन दिस आतनं पहार आपटत हुता. मुकादम म्हणाला, आनखी खोदलं तर सगळंच खाली यील, भिंत घाला. तुमची नावं हजेरीत न्हाईत, पळून गेला म्हणून सांगा, न्हायतर तुमच्यावरच केस हुईल. घमेली मी वाहिली, वहिनी. शेवटचा दगड बसंस्तवर आवाज यीत हुता."

मंगलने भिंतीवर हात ठेवला. दगडातून पाणी झिरपत होतं. तिने हात काढून पदराला पुसला.

"भावजी, तुमीच बघितलासा न्हवं त्यास्नी ट्रकात चढताना? निळा शर्ट हुता म्हणालासा."

"खोटं सांगितलं."

"मंगलला सांग, मी यीन, आसं म्हणाले म्हणून सांगितलासा."

ते वाक्य त्याने दारात उभं राहून आयत्या वेळी जोडलं होतं. ती एकोणीस वर्षांची पोर चौकट धरून उभी होती आणि तिच्या तोंडाकडे त्याला बघवेना, म्हणून.

"त्येबी खोटं."

तिने पोराचा धरावा तसा त्याचा दंड धरला. "वय झालं आता तुमचं. आसल्या अंधारात कायबी येतंय मनात. चला."

"वहिनी, शपथ घेतो..."

"तवाबी घेतलीसा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आत्याबाईंच्या गळ्याला हात लावून."

आपल्या आईच्या गळ्याला हात लावून देवाप्पा जे बोलला होता, त्यावर ही बाई अख्खं आयुष्य जगली होती. आता त्याच तोंडाने सांगितलेलं खरं तिने कुठं ठेवावं?

बाहेर सुविधाने त्याचा चेहरा पाहिला. "आप्पा, काय झालं?"

"कोंदट हाय आत. त्यास्नी सोसंना," मंगलनेच सांगितलं. त्याच्या पोटरीला जळू चिकटली होती. तिने खाली बसून ती चिमटीत धरून काढली आणि वाहणारं रक्त पदराने दाबून धरलं.

निघताना देवाप्पा परशरामला म्हणाला, "ती भिंत इंग्रजांची न्हाय."

"बोर्डावर तसंच लिवलंय काका," परशराम म्हणाला आणि पुढच्या लोकांना हेल्मेटं वाटायला लागला.

परतीला ती दोघं गाडीत मागे बसली. बेळगाव सोडलं आणि मंगलला झोप लागली. डोकं आधी काचेकडे कलंडलं, मग देवाप्पाच्या खांद्यावर आलं. झोपेत ती लहान पोरीसारखी तोंड उघडून श्वास घेत होती. संकेश्वरला सुविधाने चहासाठी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून पाहिलं. देवाप्पाने मानेनेच नको म्हणून खुणावलं. त्याचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला होता. तो त्याने हलवला नाही.