दोन हातांचं माप

लँटी रेल्फ तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात डॅमसन या आंबट जांभळ्या फळाच्या जॅमची बरणी होती, आणि ती पाहून जॅनेटच्या मनात पाल चुकचुकली. पहिल्यांदा त्याने अंडी आणली होती, दुसऱ्यांदा चुलीसाठी फोडलेली लाकडं. तिचे वडील अमॉस हयात होते तेव्हा शेवटची चार वर्षं या माणसाने त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आता त्यांच्या थडग्यावरची माती नीट बसलीही नव्हती, आणि याच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या.

"काही खातेस की नाही, पोरी? आईसारखी काडी झालीस."

"खाते की, लँटीकाका. बसा ना."

लँटी बसला नाही. चुलीपाशी अंग पसरून पडलेल्या टीझलकडे त्याची नजर आधी गेली, मग जॅनेटकडे. तो क्रम जॅनेटच्या लक्षात आला.

"माजावर कधी येईल ही?"

"का?"

"विचारलं आपलं."

"आपलं आपलं म्हणत तीनदा विचारलंत."

लँटीने टोपी काढून डोकं खाजवलं. "माझ्या जिपला लाव तिला. पिल्लं सगळी तुझी. मला एकही नको."

हे ऐकून तर तिला जास्तच खटकलं. या खोऱ्यात कुत्रा जुगवायला देणारा माणूस निदान एक पिल्लू तरी मागतोच. ज्याला काहीच नको, त्याला नक्की काय हवं असतं?

"बघू," ती म्हणाली, आणि बरणी फळीवर ठेवून दिली. ती तिने उघडली नाही.

टीझल ही टॅलेंटायरांच्या, म्हणजे जॅनेटच्याच घराण्याने जोपासलेल्या, टेरियर जातीच्या शिकारी कुत्र्यांमधली शेवटची. तसं या रक्ताचे कुत्रे दूरदूर पसरलेले होते, पण अमॉसच्या चुलीपाशी वाढलेली ही एकच उरली होती. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले होते, "टीझल ज्याला कुत्रं कळतं त्याच्याच हातात दे." नाव सांगितलं नाही. जॅनेटनेही विचारलं नाही. तेव्हा विचारण्यासारखं वाटलं नव्हतं. आता रोज सकाळी त्या कुत्रीला खायला घालताना तेच एक वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहायचं. चुकीच्या माणसाच्या हाती कुत्री गेली, तर वडिलांचं उरलंसुरलं तिने स्वतः उधळून टाकल्यासारखं होणार होतं.

शेजारची एडना कपडे वाळत घालता घालता कुंपणापाशी आली.

"आज काय आणलं लँटीने?"

"जॅम."

"अगंबाई! आता पुढच्या खेपेला अंगठी आणेल."

"काहीतरीच काय, एडनामावशी."

"तुला नको असेल, कुत्रीला हवी असेल." एडना चिमटा तोंडात धरून हसली आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "रश गेली तेव्हा तिथे कोण होतं, ठाऊक आहे ना तुला? तुझे बाबा आणि हा. कोल्ह्याच्या कपारीत शिरली आणि दगड कोसळला म्हणतात. तुझे बाबा खणत बसले आणि हा डोंगर उतरून खाली आला, एकटा. मी या डोळ्यांनी पाहिला. मदतीला कुणाला हाक नाही, काही नाही. घरात शिरला आणि दार लावून बसला."

रश म्हणजे टीझलची आई. तिच्या मरणानंतर दोघा मित्रांचं बोलणं तुटलं, एवढंच जॅनेटला माहीत होतं. बाबांनी कधी खुलासा केला नाही, आणि ती तेव्हा शहरात होती. आता तिला वाटलं, खुलासा आपोआप होतोय. ज्याने आईला दगडाखाली सोडलं, तो लेकीवर टपून बसलाय.

ऑगस्टच्या शेवटी खोऱ्याची जत्रा भरली. मेंढ्या, चीज, कुस्त्या, आणि मैदानाच्या टोकाला दोरी बांधून केलेलं टेरियरांचं रिंगण. तिथे वर्षानुवर्षं निवाडा अमॉसच करत आले होते. या वर्षी समितीने जॅनेटला गळ घातली. तिने नाही म्हणायला हवं होतं, पण त्यांच्या जागी परका माणूस उभा राहिलेला पाहण्याचं बळ तिच्यात नव्हतं.

पारख कशी करायची, हे तिला चालायला शिकली तेव्हापासून ठाऊक होतं. कोल्हा खडकाच्या ज्या कपारीतून जातो, तिथून टेरियर आत गेला पाहिजे आणि परत आला पाहिजे. म्हणून इथे कुत्रा आधी हातांनी जोखतात, मग डोळ्यांनी. पुढच्या पायांच्या मागे दोन्ही हातांचा वेढा घालायचा, अंगठे पाठीवर, बोटं छातीखाली. बोटांना बोटं भिडली तर कुत्रा कामाचा. नाही भिडली तर तो कितीही देखणा असो, रिंगणाबाहेर.

पहिल्या कुत्र्याला तिने वेढा घातला. बोटं भिडली नाहीत. दुसऱ्यालाही नाहीत. तिसरा खालच्या उतारावर राहणाऱ्या नेडचा होता, टॅलेंटायर रक्ताचा, तांबूस, भरल्या खांद्यांचा, डोळ्यांत अंगार असलेला. त्याच्या छातीखाली तिच्या दोन्ही मधल्या बोटांच्या टोकांत चांगलं अंतर राहिलं.

"काय ताई, आवडला का?" नेड छाती काढून म्हणाला. "तुमच्या बाबांनी याच्या बापाला कप दिला होता. पानगळीत याला कोल्ह्याच्या बिळात खाली सोडणार आहे. शिकारीसाठी तितर पाळतात त्या रानाच्या राखणदाराने बोलावलंय, पाखरं फस्त करणारा कोल्हा आहे तिकडे; तेवढ्यापुरती कायद्यात सूट आहे."

माझे हात लहान आहेत, असं तिने स्वतःला सांगितलं. बाबांचे हात मोठे होते.

शेवटी लँटी आत आला. त्याच्या दोरीला जिप होता. उंच नाही, रुंद नाही, केस पिंजारलेले, एक कान फाटलेला. दोरीबाहेर हशा पिकला.

"लँटी, मुंगूस आणलंस की काय?"

"धुवून तरी आणायचा रे!"

"धुतला तर उरेल का काही?"

लँटीने कुणाकडे पाहिलं नाही. जॅनेटने जिपच्या अंगाभोवती हात नेले, आणि बोटांची टोकं एकमेकांवर सहज चढली. तिने वर पाहिलं. लँटी तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या हातांकडे बघत होता.

तिला एकदम सगळं लख्ख दिसल्यासारखं वाटलं. यासाठीच हा आलाय. मी याला कप द्यायचा, चारचौघांत याचा कुत्रा उत्तम ठरवायचा, आणि मग टीझल न द्यायला मला तोंड उरणार नाही. तिने हात सोडले आणि निळी फीत नेडच्या कुत्र्याला बांधली, कपही त्यालाच दिला. टाळ्या पडल्या. "रक्त ओळखलं हो पोरीने," कुणीतरी म्हणालं. तिला ते गोड वाटायला हवं होतं.

चहाच्या तंबूमागे लँटीने तिला गाठलं.

"भिडली नाहीत तुझी बोटं."

"माझे हात लहान आहेत."

"माझ्या जिपवर तेच हात होते."

"काका, एकदा सरळ सांगा. काय हवंय तुम्हाला? रशला दगडाखाली टाकून पळालात. बाबा होते तोवर तोंड दाखवलं नाहीत. आणि आता अंडी काय, जॅम काय!"

लँटीचा चेहरा लाल झाला, मग उतरला. जिप त्याच्या बुटावर बसला होता.

"दगड कोसळलाच नाही, पोरी."

जॅनेटची नजर जिपवरून वर आली.

"एक खडा हलला नाही. रश आत गेली आणि छातीपाशी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. आम्ही ऐकत होतो तिला. मी म्हटलं, खाली जाऊन चार माणसं आणतो, पहारी आणतो. अमॉस म्हणाला, नाही. चार माणसं आली तर चौघांना कळेल की टॅलेंटायरची कुत्री भोकात मावली नाही. मला म्हणाला, जा घरी. मी गेलो. तेवढंच माझं चुकलं. अमॉस खणत तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर ती गेली होती, त्यानेच नंतर मला सांगितलं. अंगावर दगड पडल्याची खूण नव्हती. गावात सांगितलं त्याने, दगड कोसळला. मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही. तो म्हणाला, मग बोलूच नकोस. नाही बोललो."

"बाबा असं करणार नाहीत."

"त्याचे हात आठव. फावडी होती ती. त्याच्या घराण्यातला कुत्रा पिढीगणिक थोडा थोडा रुंदावत गेला, तरी त्याच्या हातांत मावत गेला. पूर्वी खडकच आमची चूक दाखवायचा. जो कुत्रा मावला नाही, त्याची पिल्लं होत नसत. कुत्रे लावून शिकार करायला बंदीचा कायदा आल्यापासून खाली बिळात जातंय कोण? सगळे इथे या गवतावर मिरवतात. गवतावर काय, म्हैससुद्धा मावते."

"सांगायला सोपं आहे," जॅनेट म्हणाली. तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला. "उलट उत्तर द्यायला ते नाहीत."

"हो," लँटी म्हणाला. "नाहीत." आणि जिपला काखेत घेऊन निघून गेला.

घरी आल्यावर ती कोट न काढताच दारामागच्या खुंटीपाशी उभी राहिली. वडिलांचे दगडी कुंपण रचायचे चामडी हातमोजे तिथेच लटकत होते. ते धुवायचे की टाकायचे, हे तिला महिनोन्‌महिने ठरवता आलं नव्हतं. तिने टीझलला टेबलावर उभं केलं. आधी नुसत्या हातांनी वेढा घातला. बोटं दूर राहिली. मग तिने मोजे चढवले. तिची बोटं संपत होती तिथून पुढे चामड्याचं अख्खं पेर रिकामं होतं. पुन्हा वेढा घातला. मोज्यांची पोकळ टोकं छातीखाली एकमेकांना भिडली.

टीझलने मान वळवून मोजे हुंगले आणि शेपटी हलवली. जॅनेटने ते घाईघाईने काढून टाकले.

पण यातून काय सिद्ध झालं? हात मोठे होते, एवढंच. कुणाचे हात खरे, हे कोण ठरवणार? लँटीलाही हात मोठे असल्याचं माहीत होतं. तेवढ्या एका खऱ्या गोष्टीभोवती त्याला हवं ते रचता आलं असतं. तीस वर्षं हातात हात घालून फिरलेल्या माणसाला दुसऱ्याचं वर्म ठाऊक असतंच. ती अशी उलटसुलट विचार करत राहिली, आणि जेवण तसंच राहिलं.

सकाळी ती टीझलला घेऊन वरच्या कुरणात गेली. तिथल्या दगडी कुंपणाच्या पायथ्याशी सशांना जायला ठेवलेलं चौकोनी भोक होतं. वरचे दगड खचून ते बरंच आवळलेलं होतं, तरी त्याच्या कडेला तांबडे केस चिकटलेले होते. म्हणजे कोल्ह्याची वाट अजून चालू होती. भोक आरपार होतं, पलीकडचं गवत दिसत होतं. इथे काही झालं तर वरचा दगड उचलून काढता आला असता.

टीझलला वास लागला. इतके दिवस चुलीपाशी लोळणारी कुत्री क्षणात वेगळीच झाली. जॅनेटने दोरी सैल सोडली. डोकं गेलं, मान गेली, खांदे घासत गेले. आणि तिथे ती थांबली. मागचे पाय माती उकरू लागले. मग एक आवाज आला, भुंकण्याचा नव्हे, रागाचाही नव्हे. जॅनेटने तो आवाज कधी ऐकला नव्हता, तरी तो कशाचा आहे हे तिला लगेच कळलं.

तिने वरचे दोन दगड उपसून काढले. एक तिच्या नखावर पडला. टीझलचे मागचे पाय धरून तिने हळूहळू तिला मागे ओढलं. फासळ्यांवरचे केस खरवडून निघाले होते. कुत्री सुटताच अंग झाडून पुन्हा भोकाकडे धावली, आणि जॅनेटने तिला कवटाळून धरलं. त्या ओल्या गवतात बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं की रश गेल्यापासून बाबांनी टीझलला कधी दोरीवाचून डोंगरावर नेलंच नव्हतं. माझं वय झालं म्हणून, असं ते म्हणायचे. त्यांना माहीत होतं. माहीत असून दर ऑगस्टमध्ये ते रिंगणात उभे राहिले, वेढे घातले, फिती बांधल्या.

त्यांचा राग आला तिला. ते गेल्यापासून पहिल्यांदा आला, आणि तो येऊ देण्यात काहीसं हायसंही वाटलं.

लँटी आपल्या अंगणात चिखलाचे बूट खरवडत होता. तिच्यामागे टीझल पाहून त्याने हात थांबवला. कुत्रीच्या फासळ्या त्याने पाहिल्या, जॅनेटचं काळंनिळं नखही पाहिलं.

"कुठे?"

"वरच्या कुरणातलं भोक."

"दगड परत रचलेस का?"

"नाही."

"मी रचतो संध्याकाळी. मेंढ्या जातील."

"लँटीकाका, चार वर्षं लोक तुम्हाला पळपुटा म्हणत होते. तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? तुझ्या बाबाला बोलायचं होतं ते मी तोंडावर बोललो होतो. बाकीच्यांशी माझं काय?" त्याने बूट आपटला. "तू पण सांगू नकोस. आता तो गेलाय. दगड कोसळला, कोसळला."

"नेड त्याच्या कुत्र्याला पानगळीत खाली सोडणार आहे. मी फीत बांधलीय त्याला."

लँटी बूट खरवडायचं सोडून तिच्यासमोर आला.

"त्याला नुसतं नको सोडू म्हटलं तर ऐकेल का?" ती म्हणाली.

"नेड? त्याचा बाप आला सांगायला तरी ऐकणार नाही. त्याच्याकडे कप आहे."

"मग रशचं सांगावं लागेल."

"नाव जाईल पोरी, अमॉसचं. खोरंभर होईल."

"होईल."

तिने दोरी हाताला गुंडाळली. जिप दाराच्या फटीतून नाक काढून टीझलला हुंगत होता. लँटीने खाली बघत विचारलं, "आणि ही? सोडून जातेस का माझ्याकडे?"

"नाही. माझ्या अंगणातून ती बाहेर जाणार नाही. माजावर आली की मी निरोप देईन. तुम्ही जिपला घेऊन यायचं. मी तिथे उभी राहणार, सगळं होईपर्यंत. आणि पिल्लं झाली की एकेकाला हात लावून बघायचं, तुम्ही नाही, मी."

"अजून विश्वास नाही तर."

"अर्धा आहे."

"बापावर गेलीस," लँटी म्हणाला, आणि हे कौतुक की टोमणा, ते तिला ओळखता आलं नाही. तिने विचारलंही नाही. खाली नेडच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. तो न्याहारीला बसला असणार. दोरी आखडून धरत ती उतार उतरू लागली.