शेऱ्याचा रकाना

तुंगार्लीच्या तळ्याजवळ आमचं केंद्र सुरू झालं तेव्हा तिथे चार खाटा होत्या आणि एक कपाट. मानसिक आजारातून सावरणाऱ्या बायका तिथे राहायच्या. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त होऊन मी आले आणि कागदपत्रं माझ्याकडे आली. माझं अक्षर सगळे वाखाणायचे. तेव्हाचे डॉक्टर पुण्याहून एसटीनं यायचे, आधी चहा मागायचे, मग प्रत्येकीशी तासभर बोलायचे. आता तसं कोणी बोलत नाही.

नव्या कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी करायची, म्हणून गेल्या महिन्यात आमची समाजसेविका शुभदा नवे फॉर्म घेऊन बसली. प्रत्येकीला तिचे हक्क वाचून दाखवायचे आणि तिचं उत्तर लिहायचं. पहिली चिमाबाई. एकोणीस वर्षं आमच्याकडे. आजार केव्हाच आटोक्यात आलेला. स्वयंपाकघर तीच सांभाळते.

“स्वतःहून दाखल झालेल्या व्यक्तीला घरी जायचं असेल,” शुभदानं वाचलं, “तर तिला अडवता येत नाही.”

मेथी निवडणारे चिमाबाईचे हात थांबले. “म्हंजी मी जाऊ शकते?”

“हो.”

“मंग जाते की.”

मला हसू आलं. “अगं, तूच नको म्हणतेस ना?”

“कवा?”

मी फाईल उघडली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘घरी जाण्यास तयार नाही.’ पहिल्या वर्षी ती खरंच तसं म्हणाली होती. तेव्हा तिचा मारकुटा नवरा जिवंत होता. पुढच्या वर्षी मी मागच्या पानावरून तेच उतरवलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. एकोणीस पानं, सगळी माझ्या सुबक अक्षरात.

“मला इचारलं कुणी?” ती म्हणाली. “का तुमचा भात कोन लावनार ही काळजी पडली व्हती?”

प्रत्येक पानाची एक प्रत तिच्या आईला पोस्टानं जायची, हे मला तेव्हा आठवलं.

शुभदानं आंदर मावळातल्या चिमाबाईच्या माहेरगावच्या आशा कार्यकर्तीला फोन लावला. थोड्या वेळानं चिमाबाईची आई, अंबूबाई, फोनवर आली; शुभदानं स्पीकर लावला.

“चिमाला घरी यायचंय,” शुभदा म्हणाली.

“काय चेष्टा लावलीय? तिला यायचं न्हाई म्हनून तुमीच कळवता की दरसाली. येकदा आलते मी तुमच्या गेटापत्तूर. मंग म्हनलं, पोरीला नकोय तर कशाला तरास द्यायचा. तशीच माघारी गेले.”

चिमाबाईनं फोन ओढून घेतला. “आये,” एवढंच म्हणाली. मग फोन मला देत म्हणाली, “बाई, तुमी बी चला. तिला तोंडानं सांगा.”

“काकू, या वयात एवढा प्रवास?” शुभदा म्हणाली. मी पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी कान्ह्यापर्यंत लोकल, तिथून जीप. काय सांगायचं ते मी वाटभर मनात पुन्हा पुन्हा जुळवत होते.

गावच्या फाट्यावर अंबूबाई उभी होती. वाकलेली, काठी टेकून. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग माझ्याकडे पाहिलं.

“ह्या कोन?”

चिमाबाईनं माझ्याकडे पाहिलं. जुळवलेलं सगळं मी सोडून दिलं.

“ती पत्रं मी लिहीत होते,” मी म्हणाले. “तिला न विचारता.”

अंबूबाईनं लेकीचा हात घट्ट धरला.

“मंग आता लिवू नका,” ती म्हणाली, आणि दोघी चालू लागल्या.