उलटे तळहात

मी एक दाढी बोलतेय. खरी नव्हे, नाटकातली. ओश शहरातल्या नाटकघरात बुरुल नावाच्या बाईने याकच्या शेपटीचे पांढरे केस जाळीवर एकेक गाठ मारून मला विणलं, त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून मी बापाची दाढी आहे. समोरचे मुलगे बदलत गेले, मी तीच. खरं सांगायचं तर आता दमलेय.

जुन्या नाटकांतले बाप गरजायचे, त्यांना मी लागायचे. नव्या नाटकांतले बाप स्वयंपाकघरात चहा ढवळत मॉस्कोला कामाला गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहतात. ते रोज गुळगुळीत दाढी करतात. त्यामुळे मी खोक्यातच जास्त असते.

माझा पहिला धनी सादिरकुल. त्याचं गाजलेलं काम खानाचं. शेवटच्या प्रवेशात खान शत्रूला मिळालेल्या मुलाला शाप देतो. आमच्याकडे आशीर्वाद देताना तळहात आपल्याकडे करून तोंडावरून फिरवतात. तेच बाहेर वळवले की शाप. आणि बापाचा शाप लागतोच, असं म्हातारे मानतात. सादिरकुल तळहात वळवायचा आणि माझ्याआड पुटपुटायचा, "हे खोटं आहे, पोराला लागू नये." लोकांना वाटायचं, म्हातारा रागाने थरथरतोय. ऐकणारी मी एकटी.

मग खानाच्या मुलाच्या कामासाठी त्याच्याच मुलाचं, तिलेकचं नाव निघालं. सादिरकुल सगळ्यांसमोर म्हणाला, "याला नाही जमायचं. दुसरा बघा."

भीती बोलून दाखवली तर ती खरी होते, म्हणून बापाने कारण सांगितलं नाही. मानी मुलाने विचारलं नाही. पुढे अठरा वर्षं दोघांत 'जेवलास का' एवढंच बोलणं. गेल्या वसंतात सादिरकुल गेला. मला बोलता येत असतं तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

यंदा ते नाटक पुन्हा निघालं. खान तिलेक. दिग्दर्शिका आयगांशबाई रंगपटात म्हणाल्या, "मुलाचं काम तुझ्या आझीमला देऊ. घरचाच पोरगा."

हनुवटीला डिंक लावता लावता तिलेक म्हणाला, "त्याला नाही जमायचं. दुसरा बघा."

आणि त्याचा हात थांबला. हे शब्द कुणाचे, ते त्याला कळलं होतं. मला बोटांत धरून तो आरशात बघत राहिला.

"का नाही जमायचं?" दाराशी उभ्या आझीमने विचारलं. कुणीतरी विचारलं एकदाचं.

"जमेल रे. माझ्यापेक्षा बरं जमेल." तिलेक आरशातूनच म्हणाला. "पण तुझ्यावर हात उलटे करायचे, ते माझ्याने नाही होत. बाबांनाही झालं नसेल. आणि मी अठरा वर्षं त्यांना..."

आझीम जवळ आला. म्हणाला, "असं कर बाबा. आधी खरा आशीर्वाद दे, मग तिकडे खुशाल शाप दे. नाहीतरी तुझं बोलणं मला कुठे लागतं?"

तिलेक हसला आणि हसता हसता रडला. मला नीट चिकटवून त्याने तळहात समोर धरले, काहीतरी म्हणाला आणि ते तोंडावरून खाली ओढले. ओले हात माझ्यावरून फिरले. चाळीस वर्षांत सुलटा हात फिरला तो पहिल्यांदा.

आता मला खुशाल खोक्यात घाला. तेवढं एक ऐका, बापांनो: जे पोराला सांगायचं ते दाढीत पुटपुटू नका. आमच्याकडून ते पुढे जात नाही.