गालिच्यावरचे चार किलो

हिरवा रस पिऊन काकूंना काय मिळणार होतं? पैसा नाही, दागिना नाही. पण या घरात नणंदबाई बोलल्या की तो कायदा, आणि काकू बोलल्या की "बरं, बघू". वजन उतरलं असतं, तर काकूंचा शब्द चढला असता. मित्रांनो, हा हिशेब मी मांडतोय, कारण मी या घरातला जुना वजनकाटा आहे.

पोटात स्प्रिंग, वर एक सुई, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला कठीण फरशीवर ठेवून पारखलं होतं. काकूंनी मात्र मला पलंगाजवळच्या जाड गालिच्यावर बसवलं. फरशी पायाला गार लागते म्हणून. मऊ बैठकीवर माझी सुई जरा पुढेच पळायची. पण मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची आम्हा काट्यांची रीत नाही.

एके दिवशी मोबाइलवर एक तुकतुकीत माणूस म्हणाला, "दुपारचं जेवण सोडा, पालक-काकडीचा रस घ्या, अंगातलं विष निघून जाईल." कोणतं विष, ते सांगायला त्याला सवड नव्हती. काकूंनी वजन केलं आणि रस काढला. पहिलाच पेला काकांच्या हातून गालिच्यावर सांडला.

"सुरुवात तर झकास झाली," काका म्हणाले.

"प्यायला नको म्हणून सांडलात. कळतं मला."

गालिचा धुवायला गेला. मी फरशीवर आलो आणि या घरात पहिल्यांदा खरं बोललो.

काकू दुपारची उधारी रात्री दुप्पट जेवून फेडत होत्या. तरी आठवड्याने माझ्यावर उभ्या राहिल्या, तर चार किलो कमी. लगेच नणंदबाईंना फोन. "ताई, काटा कधी खोटं बोलतो का?" नणंदबाईंनी चक्क ऐकलं आणि रस सुरू केला. शेजारच्या शिंपीणबाईंनीही केला. मला रोज पुसलं जाऊ लागलं. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

काका रंगारी, दिवसभर शिडीवर. "चार किलो म्हणजे थट्टा नाही," म्हणत त्यांनीही डबा नेणं सोडलं. एका दुपारी छत रंगवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खाली कोसळले. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवलात कधी?" "काल रात्री," काका म्हणाले.

गालिचा धुऊन आला. काकूंच्या लेकीने तो अंथरून मला जागेवर ठेवलं. काकू सवयीने उभ्या राहिल्या. चारही किलो परत.

"अगं, कालच तर कमी होतं."

"रस कालही घेतलास, आजही," लेक म्हणाली. "मग बदललं काय?"

दोघींनी खाली पाहिलं. काकूंनी मला फरशीवर सरकवलं, उभ्या राहिल्या, उतरल्या. पुन्हा गालिच्यावर. पुन्हा फरशीवर. मग त्यांनी फोन उचलला. "ताई, रस बंद करा. माझं चुकलं."

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण माझ्या आकड्यावर विश्वास टाकण्याआधी मी कशावर बसलोय ते वाकून बघा. वजन उतरल्याचं श्रेय रसाला देण्याआधी, त्याच वेळी आणखी काय बदललं ते विचारा.

आता शेवटचा हिशेब. मोबाइलवाल्याचं काहीच गेलं नाही. तो सध्या दुसरा रस सांगतोय. काकूंचा चढलेला शब्द एका फोनमध्ये उतरला. आणि काका डाव्या हाताने जेवायला शिकताहेत, रोज दुपारी, वेळेवर. घास निसटला की काकू भरवतात.