मास्तरांचं संथ गाणं

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात शनिवारी दुपारी शेवटची पुस्तकं प्रेसमध्ये दाबून ठेवली, की खळ वाळेपर्यंत कुणालाच काही काम नसतं. पूर्वी त्या वेळात आम्ही बायका आपापल्या सुनांना नावं ठेवायचो. मग चष्मेवालीनं टूम काढली, की दर शनिवारी एकानं आपलं आवडतं गाणं लावायचं आणि ते का आवडतं त्याची गोष्ट सांगायची. चष्मेवाली म्हणजे छापील कागदांच्या घड्या घालणारी, माझी मैत्रीण. मला तिची टूम पोरकट वाटली, पण सुनांबद्दल बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं, म्हणून मी तयार झाले. स्पीकर मालकांचा, फोन माझा. नियम दोनच: एकदा लागलेलं गाणं पुन्हा कुणी आणायचं नाही, आणि गोष्ट खरी असली पाहिजे. दुसरा नियम चष्मेवाली स्वतःच पाळत नाही.

मी कागद कापायच्या मशीनवर असते. ते मशीन कटिंगमास्तरांचं. ते गठ्ठा लावतात, मी समोरून तो सारखा करते आणि कातरण ओढून घेते. हात बाहेर आला की मी ‘हो’ म्हणते, मग ते पायानं पॅडल दाबतात आणि पातं खाली येतं. कागद कुठला आणि बोट कुठलं, हे पात्याला कळत नाही. इतकी वर्षं माझी दहाही बोटं जागच्या जागी आहेत, ती या ‘हो’च्या भरवशावर.

गेलं वर्षभर मास्तर माझ्या तोंडाकडे फार बघायला लागले होते. मी काही बोलले की हातातलं काम थांबवून टक लावून बघायचे. चष्मेवालीच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. मास्तरांना हल्ली कागदापेक्षा तूच जास्त दिसतेस, म्हणाली. मी तिला झापलं. पण पन्नाशी उलटलेल्या विधवेला अशा बघण्याचा राग यायला हवा, तो मला आला नाही. मास्तरांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मी कामावर इस्त्रीचे कपडे घालून यायला लागले. सून म्हणाली, कारखान्यात कुणी पाहुणे येणार आहेत का?

त्या शनिवारी गाणं मास्तरांचं होतं. त्यांनी सकाळीच मला नाव सांगून ठेवलं होतं. जुनं, अगदी संथ गाणं, सगळ्यांना पाठ असलेलं. दुपारी मी खळीच्या हातानंच फोनवर बोट ठेवलं आणि नळाकडे हात धुवायला गेले. मागून सुरू झालं ते भलतंच: आदल्या शनिवारी चष्मेवालीनं आणलेलं नाचाचं गाणं, शिट्ट्यांसकट. मी बंद करायला वळले, तर मास्तर डोळे मिटून हळूहळू मान हलवत होते. गाणं चाललं होतं घोड्यासारखं, आणि मान चालली होती बैलगाडीसारखी.

सगळ्यांना वाटलं मास्तर थट्टा करताहेत. चष्मेवाली तर पोट धरून हसली. गाणं संपलं. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. थोड्या वेळानं त्यांनी ते उघडले, हसणारे चेहरे बघून तेही थोडं हसले आणि गोष्ट सांगायला लागले. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा भाड्याच्या खोलीवर आणलं, तेव्हा त्यांनी नुकतीच फरशी धुतली होती. पाय उमटतील म्हणून दोघं दारातच उभे राहिले आणि शेजारच्या रेडिओवर हे गाणं लागलं. फरशी वाळली तरी गाणं संपेपर्यंत दोघांतलं कुणी आत गेलं नाही. मग ते म्हणाले, “मधे ती गाणारी थांबते ना, केवढी थांबते, ऐकलंत ना आत्ता?”

आता कुणी हसेना. मला सगळं एकदम कळलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझे ओठ बघत होते. मला आधी मास्तरांची दया यायला हवी होती. आधी आली ती स्वतःची लाज, मग स्वतःच्या बोटांची भीती, आणि दया सगळ्यांत शेवटी.

बाकीची मंडळी पांगल्यावर मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, ऐकू येईनासं होऊन किती दिवस झाले? त्यांनी आधी न समजल्यासारखं केलं, मग म्हणाले, दोन वर्षं. कानाचं यंत्र लावून बघितलं, त्यात नुसती घरघर येते.

“पण तुमचं ‘हो’ मी बघून घेतो, बाई. एकदा तरी चुकलो का?”

“नाही चुकलात. ‘हो’ दिसतं, मास्तर. पण मी ‘थांबा’ म्हणून ओरडले आणि तुम्ही पात्याकडे बघत असलात तर?”

त्यांनी एकदा मशीनकडे बघितलं. मग म्हणाले, या वयात कटिंगशिवाय काय येतं मला, मालक कशाला ठेवतील? ठेवतीलच असं मला सांगता येईना, आणि खोटा धीर द्यायला माझी जीभ वळत नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. बोलताना वाईट वाटत होतं, तरी बोलले.

“गाणी केव्हाच गेली,” ते म्हणाले. “पण गोष्टी दिसतात. म्हणून बसतो शनिवारचा.” आज कुठलं गाणं लागलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आम्ही दोघं ओल्या फरशीपाशी आणि वर शिट्ट्या, असं म्हणून ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग म्हणाले, “माझं गाणं येतं ना तुम्हाला? म्हणा.”

शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला शेवटच्या रांगेत उभं करून सांगायच्या, तू नुसते ओठ हलव. आज तेवढं पुरलं असतं, पण मी मोठ्यानं म्हटलं. एकेक शब्द सुटा करून, त्यांच्याकडे तोंड करून. मधे ती गाणारी थांबते तिथे मी ओठ मिटले आणि दम पुरेल तेवढी थांबले. मास्तर वाट बघत होते. मग मी उरलेलं म्हटलं.

संपल्यावर ते उठले, कपड्यांवरचं कातरण झटकलं आणि मालकांच्या केबिनपाशी जाऊन दारावर टकटक केली. मालक आतून ‘या’ म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा ‘या’ म्हणाले. मास्तर बंद दाराकडे बघत तसेच उभे होते. मग मी जाऊन दार उघडलं.