हात धरून

संयोगिता नवस बोलली होती तो नृसिंहवाडीच्या घाटावर, ओल्या पदराने. विजयसिंहांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा तीन महिने झाले होते. उजवा हात मांडीवर ठेवला तर तो तिथेच राही, आणि कागलच्या कचेरीत तीस वर्षं टिपणं लिहिलेल्या त्या माणसाला आता स्वतःचं नावही लिहायला येत नव्हतं. नारळ, पेढे, अभिषेक हे तर सगळेच बोलतात. तिने पादुकांपुढे वेगळंच कबूल केलं : महाराज, अक्षर नसलेल्या अकरा जणांना मी माझ्या हाताने लिहितं करते, यांचा हात यांना परत द्या. फिटेपर्यंत नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून तिने तो सासूबाईंना सांगितला नाही आणि विजयसिंहांनाही नाही.

कळंब्याच्या दत्तमंदिरात, सभामंडपाच्या सावलीत, दुपारी तीन ते साडेचार असा वर्ग सुरू झाला. सरकारी साक्षरता योजनेतून पुस्तकं मिळाली, पाट्या तिने स्वतः आणल्या आणि अकरा बसकरं अंथरली. दहा भरली.

मोठ्या माणसांना शिकवायचं म्हणजे एकाची वाट दुसऱ्याला चालत नाही, हे तिला आठवडाभरातच कळून चुकलं. धोंडुबाई चाळीस वर्षं म्हशींच्या धारा काढत आलेली. तिच्या मुठीत पेन्सिल टिकेना, म्हणून तिला आधी फरशीवर रांगोळीच्या रेघा ओढायला बसवावं लागलं. गुंडू गूळ बाजारातला हमाल. ढेपेवरची खूण बघून तो व्यापारी ओळखायचा, तेव्हा त्याला अक्षरंही खुणा म्हणूनच द्यावी लागली. सीमेकडून आलेली बसव्वा सगळं आधी कानडीत पुटपुटायची. तिला तसं पुटपुटू दिलं की मगच मराठी अक्षर तिच्याजवळ थांबे. पण प्रत्येकाच्या वाटेवर एक जागा अशी येई की तिथे लाज आडवी पडायची आणि साठीचं माणूस लेकरासारखं पदराआड नाहीतर टोपीखाली पाटी लपवायचं. त्या जागी संयोगिता त्याच्या मागे बसे, त्याच्या हातावर आपला हात ठेवी आणि न बोलता गिरवून घेई.

"वैनी, हात नगा सोडू," गुंडू म्हणायचा. "तुमी सोडला की मला घाम फुटतोय."

"ढेप उचलताना न्हाय फुटत व्हय रं?" धोंडुबाई पलीकडून हाणायची. "पेन्सिल जड झाली गड्याला."

धोंडुबाईने पहिल्यांदा एकटीने नाव लिहिलं त्या दिवशी घरी विजयसिंहांचा अंगठा हलला. संयोगिताने देवापुढे साखर ठेवली. नाव अगदी संयोगिताच्या अक्षरासारखं उमटलं होतं, उजवीकडे किंचित कललेलं. मीच हात धरून गिरवून घेतलं, मग दुसरं कसं येणार, असं म्हणून ती सुखावली. गुंडूचंही तसंच आलं, बसव्वाचंही. सातव्या माणसापर्यंत विजयसिंह चमचा धरू लागले. ती रोज एका वहीत एकशे आठ वेळा देवाचं नाव लिहीत असे. त्या वहीतल्या ओळी मात्र दिवाळीनंतर थरथरू लागल्या. थंडी असेल, असं तिला वाटलं. पण उन्हं तापू लागली तरी त्या सरळ होईनात.

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि चार दिवसांनी केंद्रप्रमुख सयाजीराव उत्तरपत्रिका घेऊन मंदिरात आले.

"वहिनी, राग मानू नका. पण हे दहाच्या दहा पेपर एका हाताचे हायत."

"मी बाहेर पायरीवर बसले होते. तुमचाच माणूस आत होता."

"व्हय, त्यो बी तेच सांगतोय. पण अक्षर बघा की."

हे नापास झाले तर नवस मोडला, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिने शांतपणे दहा जणांना बसवलं आणि सयाजीरावांना म्हणाली, "तुम्ही सांगा, ते लिहितील." त्यांनी दोन वाक्यं सांगितली. सयाजीराव एकेका पाटीवर वाकत गेले, आणि शेवटच्या पाटीपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एक कोरी पाटी तिच्यापुढे धरून म्हणाले, "आता तुमी लिवा."

तिने आपलं नाव लिहायला घेतलं. दुसऱ्या अक्षराला रेघ वाकडी गेली, तिसऱ्याला पेन्सिल मोडली.

सयाजीरावांनी उत्तरपत्रिका गोळा केल्या. "पास करतो सगळ्यांना," जाताना ते म्हणाले, "पुढच्या वर्षी फकस्त मला ह्यो वर्ग नगो."

सगळे गेले तरी धोंडुबाई रेंगाळली. तिने संयोगिताचा उजवा हात उचलून पाहिला, सोडला, आणि तो कसा पडतो ते पाहिलं.

"बाई, आता कुनाचा हात धरू नगंस. माझी आन हाय तुला."

"एकच राहिलंय, मावशी," संयोगिता म्हणाली.

गुरुवारी तिने विजयसिंहांना रिक्षाने आणलं आणि अकराव्या बसकरावर बसवलं. त्यांनीही पाटी लपवली. ती मागे बसली, डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला आणि गिरवून घेऊ लागली. अर्धा तास गेला, एक तास गेला. मग केव्हातरी तिच्या लक्षात आलं की आपण जोर लावणं कधीच थांबवलंय आणि पेन्सिल अजून चालतेच आहे. त्यांनी आपलं नाव लिहिलं. पुसून तिचं लिहिलं. मग तिचं माहेरचं नाव, तिच्या शाळेचं नाव, आणि लहानपणी वारलेल्या तिच्या धाकट्या बहिणीचं लाडाचं नाव, जे तिने लग्नानंतर कधी कुणापाशी उच्चारलंच नव्हतं. ते लेकरासारखे हसत होते आणि डोळे पुसत होते.

संध्याकाळी दिवा लावून तिने नेहमीची पोथी उघडली. पानावर अक्षरांच्या जागी सुबक, काळी, वळणदार नक्षी होती. तिने पान उलटलं, तिथेही तीच. तिने पोथी मिटली, कपाळाला लावली आणि जागेवर ठेवली.

नवस फिटला होता, आता सांगायला हरकत नव्हती. ती विजयसिंहांजवळ येऊन बसली, आपला उजवा हात डाव्याने उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि घाटापासून सगळं त्यांना सांगितलं, काही न वगळता. त्यांचं हसू हळूहळू विरलं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "अकरा माणसं मिळतात हो, मी बघितलंय. येत्या गुरुवारी आपण वाडीला जाऊ, आणि माझ्यासाठी तुम्हीही असाच नवस बोला."